दहा हजारांत हेल्मेट कॅमेरा: पैसे नेमके कुठे घालायचे

प्रश्न इंदूरहून आलाय. बजेट १०,००० रुपये. रविवारी सायकलने जानापाव टेकडीची उतरण, कधीमधी मोटरसायकलवर सिमरोल-भेरूघाट, आणि धाकटा भाऊ महेश्वरला सहस्रधारेत कयाक चालवतो. ऑनलाइन साडेतीन हजारांत ‘४के, वायफाय, वॉटरप्रूफ’ लिहिलेला कॅमेरा दिसतो. मग चाळीस हजारांचा कशाला घ्यायचा? आणि तो हेल्मेटवर बसवायचा कसा?

चाळीस हजारांचा नकोच. साडेतीन हजारांचा चालेल, पण कशासाठी चालेल हे आधी समजून घ्या. दहा हजारांतले साडेसहा-सात हजार कॅमेऱ्याला आणि उरलेले मेमरी कार्ड, दुसरी बॅटरी आणि माउंटला (कॅमेरा हेल्मेटला धरून ठेवणारा जोड), अशी वाटणी ठेवा. सगळे पैसे कॅमेऱ्यात घालून कार्ड घरातल्या जुन्या मोबाइलमधलं आणि चिकटपट्टी पेटीतली, असं केलं की महागडा कॅमेराही वाया जातो.

आधी ते ‘४के’ पाहू. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. स्वस्त कॅमेऱ्यांच्या खानदानाचा मूळपुरुष एसजेकॅम कंपनीचा एसजे४०००. त्यात एआर०३३० नावाचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपून चित्र बनवणारा भाग, होता. तो साधारण ३४ लाख पिक्सेलचा, रुंदीला २३०४. १०८०पी साठी, म्हणजे साध्या फुल एचडीला, रुंदीला १९२० लागतात, त्यामुळे तिथे तो प्रामाणिक होता आणि दिवसाउजेडी चित्रही चांगलं द्यायचा. पुढे त्याच सांगाड्याच्या नकला निघाल्या, कुठे सोनीचा आयएमएक्स१७९ सेन्सर आला. तो ८० लाखांचा खरा, पण रुंदीला ३,२८० च्या आसपास, म्हणजे ३८४० ला तोही पुरत नाही. मग पेटीवरचं ४के येतं कुठून? आतली चिप चित्र ताणून फाइल मोठी करते. पंगतीला माणसं वाढली की वरणात पाणी वाढवतात, तसंच. पातेलं भरलेलं दिसतं, वरण तेवढंच असतं. काही नकला तर ४के मध्ये सेकंदाला जेमतेम १०-१५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, देतात. उतरणीवर ते चित्र नाही, स्लाइड शो होतो.

हे दुकानातच पकडता येतं. इंदुरात जेल रोडला किंवा महाराणी रोडला कॅमेरा बघायला जाल तेव्हा स्वतःचं कार्ड आणि जमल्यास लॅपटॉप घेऊन जा. तीन क्लिप घ्या. पहिली: कॅमेरा हातात धरून समोरच्या दुकानाची पाटी, १०८०पी मध्ये आणि मग ४के मध्ये. दोन्ही सारख्या मोठ्या करून बघा. बारीक अक्षरं ४के मध्ये जास्त स्पष्ट होत नसतील तर ते ताणलेलं आहे. लांबची पाटी दोन्हीत पुसट आणि हातभर अंतरावरचा माणूस लख्ख, असं असेल तर लेन्सचा फोकस कारखान्यातच चुकलाय. या कॅमेऱ्यांत फोकस कायमचा बसवलेला असतो, लेन्स आट्यांवर फिरवून डिंकाने पक्की केलेली असते. डिंक फोडून ती परत फिरवता येते, पण नव्या वस्तूवर हा उद्योग करायचं कारण नाही, दुसरा नग मागा.

दुसरी क्लिप: किल्ल्यांचा जुडगा दोरीला लावून लंबकासारखा हलवा आणि ६० फ्रेमवर घ्या. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये ‘ई’ चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. प्रत्येक फ्रेमला जुडगा थोडा सरकला पाहिजे. दोन-दोन फ्रेम हुबेहूब सारख्या असतील तर कॅमेरा ३० च घेतोय आणि प्रत्येक फ्रेम दुप्पट करून ६० म्हणतोय.

तिसरी क्लिप बरोबर एक मिनिटाची, झाडाची पानं हलत असतील अशी. फाइल किती एमबीची झाली ते बघा, त्याला ८ ने गुणा आणि ६० ने भागा. आलेला आकडा म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट लिहिले जातात तो बिटरेट. ११५ एमबीची फाइल असेल तर साधारण १५. १०८०पी, ३० फ्रेमला हे चालतं, ६० फ्रेमला अपुरं पडतं. ४के म्हणून लिहिलेल्या फाइलचाही आकडा २० च्या आत येत असेल, तर पुढे बोलायची गरज नाही. सायकल पळते तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलत असतं, जमीन, पानं, खडी, सगळं. बिटरेट कमी असला की कॅमेऱ्याला एवढा बदल लिहायला जागा पुरत नाही आणि गवताचा हिरवा चिखल होतो. उभं राहून घेतलेलं चित्र सुरेख आणि पळताना घेतलेलं पुसट, याचं कारण बहुतेक वेळा हेच. लोक मात्र लेन्सला दोष देतात.

आता मुख्य गोष्ट, थरथर. हेल्मेटवरच्या चित्रात प्रेक्षकाला पिक्सेल मोजता येत नाहीत, हलणं मात्र लगेच कळतं. स्थिर करण्याचं काम कॅमेरा असं करतो: आतला जायरो डोकं किती फिरलं ते मोजतो, आणि फ्रेमच्या कडा कापून आतला तुकडा उलट्या बाजूला सरकवतो. त्यामुळे चित्र थोडं अरुंद होणारच, ते मान्य करायचं. स्वस्त कॅमेऱ्यात बऱ्याचदा ही सोय फक्त १०८०पी ३० फ्रेमला चालू होते, ४के निवडलं की गुपचूप बंद. मेनूमध्ये दोन्ही एकत्र निवडून बघा. आणि कॅमेरा हातात धरून दुकानाच्या पायऱ्या उतरा. प्रत्येक पायरीला चित्र थबकून मग झटका देत असेल तर तो जायरो नावापुरता.

याच कारणाने तुमच्या बजेटमध्ये माझं मत वापरलेल्या, पण चांगल्या कॅमेऱ्याकडे झुकतं. गोप्रो कंपनीचा हीरो ७ ब्लॅक २०१८ मध्ये आला, आणि हायपरस्मूथ नावाचं त्यांचं स्थिरीकरण त्यातच पहिल्यांदा होतं. उतरणीसाठी आजही ते पुरेसं आहे. वेगळ्या वॉटरप्रूफ पेटीशिवाय १० मीटर पाण्यात चालतो, बॅटरी १२२० एमएएचची आणि काढता येते. पण एक फसगत टाळा. त्याच साली हीरो ७ व्हाइट आणि सिल्व्हरही आले. दिसायला भावंडं, पण बॅटरी आतच बंद, आणि हायपरस्मूथ नाही. विकणारा ‘हीरो ७’ एवढंच म्हणेल, ब्लॅक आहे का ते तुम्ही विचारायचं. हीरो ८ चांगल्या भावात मिळाला तर घ्यायला हरकत नाही. त्याच्या तळाशी माउंटमध्ये अडकवायची बोटं घडी होऊन आलेली असल्याने कॅमेऱ्याभोवती वेगळी चौकट लागत नाही. मात्र त्याची पुढची काच बदलता येत नाही, ओरखडा असेल तर सौदा सोडा. हीरो ७ ब्लॅकची काच बदलता येते.

वापरलेला कॅमेरा तपासायचा तो असा. बॅटरी काढून टेबलावर सपाट ठेवा. फिरकीसारखी गोल फिरली तर ती फुगली आहे. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात अडकते आणि मग काढताना दाराचा खटका मोडतो. दाराच्या आतला रबरी गोट बोटाने चाचपा. चीर किंवा केस असेल तर पाणी आत जाणार. चार्जिंगच्या खाचेत हिरवट-पांढरा थर म्हणजे पाणी आधीच जाऊन आलंय. लेन्स हाताने पूर्ण झाकून एक मिनिट चित्रण करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. काळ्यात एखादा ठिपका कायम लाल-निळा चमकत असेल तर सेन्सरचा पिक्सेल गेलाय. आणि सगळ्यात मोठ्या सेटिंगवर २० मिनिटं सलग चालवा. चहा-पोहे होईपर्यंत ही चाचणी होते. मध्ये गोठला किंवा बंद पडला तर नमस्कार करून उठा.

नवाच हवा असेल, हमीसकट, तर ज्याच्या माहितीपत्रकात सेन्सरचं नाव आणि बिटरेट छापलेला आहे असा घ्या. लपवण्यासारखं काही नसलं की कंपनी ते छापतेच. साडेतीन हजारांचा एसजे४००० जातीचा कॅमेरा १०८०पी ३० वर ठेवून, दिवसा, छातीवर लावून शिकायला उत्तम. पडला, फुटला तरी जीव जळत नाही. भावाने कयाकला लावण्यासाठी तर तोच बरा.

कार्डाबद्दल थोडक्यात, पण नीट. कार्डावर इंग्रजी यू आकारात ३ किंवा ‘व्ही३०’ लिहिलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. खरं तर ६० मेगाबिटच्या चित्रणाला सेकंदाला साडेसात मेगाबाइटच लागतात. पण कार्ड तापलं, अर्धं भरलं की वेग खाली येतो, त्यासाठी ही शिल्लक. त्या बिटरेटला तासाला २७ जीबी जातात, १५ मेगाबिटला पावणेसात. जुने स्वस्त कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत, आधी बघून घ्या. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. १२८ म्हणून विकलेलं आतून १६ चं निघतं आणि सोळानंतरचं चित्रण हवेत जातं, कॅमेरा मात्र शेवटपर्यंत लाल दिवा लुकलुकवत राहतो. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हा फुकट प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो. नवं कार्ड आणलं की आधी ते करा. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच, कॉम्प्युटरवर नाही.

आता हेल्मेट. इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

चिकटवायच्या माउंटखाली जी राखाडी फोमची दुहेरी पट्टी असते, ती चांगल्या माउंटमध्ये थ्रीएम कंपनीची व्हीएचबी नावाची दणकट चिकटपट्टी असते. स्वस्त किटमध्ये साधी पांढरी फोमपट्टी येते. ती मे महिन्यात मऊ पडते. ती ब्लेडने काढा, जागा साफ करा आणि व्हीएचबी कापून लावा. हेल्मेट गोल असतं, म्हणून माउंटही खालून वळलेला हवा. सपाट माउंट गोल पृष्ठभागावर मधोमध टेकतो, कडा हवेत राहतात आणि तिथूनच तो उकलायला लागतो. मॅट रंगाच्या आणि खडबडीत हेल्मेटवर चिकट धरत नाही. गुळगुळीत जागा शोधा नाहीतर पट्ट्याचा माउंट घ्या.

जागा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. निम्मं पाणी घालून स्वच्छ कापडाने एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हेल्मेटला लावायचंच नाही. प्लास्टिकचं कवच त्याने आतून ठिसूळ होतं आणि बाहेरून काही दिसत नाही. माउंट ठेवल्यावर अंगठ्याने सगळीकडून ३० सेकंद जोराने दाबा. मग कॅमेरा लावायची घाई नको. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला व्हीएचबी २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण ताकद धरते. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे निघालं की पहिल्याच खड्ड्याला माउंट सुटतो, आणि मग पट्टी खराब होती म्हणतात. गुरुवारी चिकटवा. इंदूरला जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. तेव्हा हेल्मेट आधी तासभर दुपारच्या उन्हात ठेवून कोमट करा, गार पृष्ठभागावर चिकट पसरतच नाही. काढायचं असेल तर हेअर ड्रायरने हलकं कोमट करून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी मागेपुढे करत खालून ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे तो प्लास्टिकच्या डोक्याचा थंब स्क्रू. कॅमेऱ्याची दोन बोटं माउंटच्या तीन बोटांत बसतात आणि स्क्रू त्यांना आवळतो. हाताने कितीही आवळा, उतरणीवर कॅमेरा मान टाकतो आणि पुढचा अर्धा तास पुढच्या चाकाचं चित्रण होतं. हा स्क्रू एम५ मापाचा असतो. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून एम५, २० मिलिमीटरचा स्टीलचा अॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आणा. तो ४ मिलिमीटरच्या चावीने आवळतो, आणि ती चावी प्रत्येक सायकलवाल्याच्या पिशवीत असतेच. माउंटमध्ये धातूचा नट असेल तर तोच वापरा, सैल असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) घाला. पण अक्कलहुशारीने. जोर जास्त झाला की प्लास्टिकची बोटं चिरतात. आवळण्याआधी बोटांमधली धूळ ओल्या फडक्याने पुसा, मातीचा कण राहिला तर तो बेअरिंगसारखा फिरतो.

सायकलच्या जाळीदार हेल्मेटला पट्ट्याचा माउंट. पट्टा पुढच्या आणि मागच्या भोकांतून ओवून खालून काढा, बकलाजवळ उरलेली शेपटी दुमडून प्लास्टिकचा टाय लावा, नाहीतर ती वाऱ्याने फडफडून आवाजात भर घालते. हेल्मेटच्या पुढच्या छज्जावर कॅमेरा लावू नका. तो छज्जा दोन खिट्ट्यांवर लोंबतो, त्याचं थरथरणं कुठल्याच जायरोला आवरत नाही. कॅमेरा जितका उंच तितकं मानेवर ओझं, आणि बाभळीच्या फांदीत अडकायची भीती वेगळीच. पडलात आणि तो फांदीत किंवा दगडात अडकला तर मान पिळवटते. त्यामुळे माउंटपासून कॅमेऱ्यापर्यंत मधले जोड शक्य तितके कमी ठेवा.

कोन ठरवायचा तो सायकलवर बसून, घरात आरशासमोर उभं राहून नव्हे. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, उतरणीवर बसता तसे वाका, आणि मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र बघा. क्षितिज वरून एक तृतीयांशावर यायला हवं, आणि खाली हँडलची कड दिसली तर उत्तम. हँडल दिसलं की वेग जाणवतो. नुसता रस्ता दिसला तर ६० चा वेगही १५ चा वाटतो. रुंद लेन्स चढउतार सपाट करून टाकते, जानापावची उतरणसुद्धा डोक्यावरून घेतली तर मैदानासारखी दिसते. म्हणून सायकलला मी डोक्यापेक्षा छातीच्या पट्ट्याला किंवा फुलफेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट असेल तर हनुवटीला पसंती देईन. हात, हँडल, पुढचं चाक, सगळं फ्रेममध्ये येतं आणि उतार उताराचा दिसतो.

मोटरसायकलला हनुवटीच. डोक्यावर लावलेला कॅमेरा ८० च्या वेगाला वाऱ्यात मान मागे ओढतो. हनुवटीवर वारा कापला जातो आणि चित्र डोळ्यांच्या पातळीचं येतं. कॅमेरा लावल्यावर हेल्मेटची काच पूर्ण वर जाते का आणि श्वासाची झडप झाकली जात नाही ना, हे दोन्ही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचं हवं, ते मानक म्हणजे आयएस ४१५१. त्यात भोक पाडून स्क्रू बसवला की ते चाचणी केलेलं हेल्मेट राहत नाही, आणि पडल्यावर स्क्रूचं टोक आत कुठे जाणार हे सांगायला नको. भोक नाही म्हणजे नाही. हाफफेस हेल्मेटवर कॅमेरा लावण्याचा विचार सोडा, जॅकेटला छातीचा पट्टा लावा.

भावासाठी वेगळा विचार. सहस्रधारेला नर्मदा खडकांमधून अनेक धारांनी फुटते, म्हणूनच २०२३ च्या खेलो इंडिया युवा खेळांत स्लॅलमची, म्हणजे टांगलेल्या खांबांच्या दारांमधून होडी काढायची, शर्यत तिथे झाली. कयाक उलटली की डोकं पाण्याखाली खडकाजवळ असतं. अशा वेळी हेल्मेटवर पुढे आलेला कॅमेरा खाचेत अडकू शकतो. शिवाय शर्यतीत दाराच्या खांबाला स्पर्श झाला की २ सेकंदांचा दंड, आणि डोक्यावर पाच सेंटिमीटर वाढवले की टेकायला तेवढी जागा वाढली. सरावात हेल्मेटवर न लावता होडीच्या पुढच्या भागावर चिकटवा किंवा काठावरून कुणाला तरी घ्यायला सांगा. तंत्र सुधारायला काठावरचंच चित्र उपयोगी पडतं. होडीवर लावला तरी कॅमेऱ्याला दोरी हवी, पण ती १० सेंटिमीटरपेक्षा लांब नको आणि जाडही नको. मध्ये अडीच मिलिमीटरचा प्लास्टिकचा टाय घाला. तो साधारण ८ किलोच्या ओढीला तुटतो. कॅमेरा गेला तर गेला, हात अडकायला नको. मागच्या दाराला चिकटणारा नारिंगी फ्लोट लावला की सुटलेला कॅमेरा तरंगतो आणि दिसतो.

पाण्याचे थेंब लेन्सवर बसून चित्र बिघडतं, त्यावर कयाकवाल्यांचा साधा उपाय आहे: धारेत शिरायच्या आधी लेन्स जिभेने चाटायची. थुंकीचा पातळ थर बसला की पाणी थेंब होऊन थांबत नाही, सपाट वाहून जातं. पावसात मोटरसायकलवर मात्र उलटं, तिथे काचेला पाणी झटकणारं द्रावण लावा, वाऱ्याने थेंब उडून जातात.

सेटिंग्ज. १०८०पी, ६० फ्रेम खरी असेल तर दिवसा ६०, संध्याकाळी ३०. उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, चित्र पुसट होतं, आणि मग स्थिरीकरण त्या पुसट चित्रालाच सरकवत बसतं, थरथर जास्तच डोळ्यांत येते. सूर्यास्तानंतर थांबा. एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) उणे ०.३ ते ०.७ ठेवा, नाहीतर आकाश पांढरंफटक. पावसाळ्यात सागाच्या दाट पानांखाली ऊन-सावली पळते तेव्हा कॅमेरा सारखा उजळ-काळा होतो. तिथे उणे ०.७ हमखास बरं. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ५५०० वर पक्का करा. अँटीफ्लिकर ५० हर्ट्झ, आपल्या विजेचा आकडा तोच आहे. ६० वर राहिलं तर बंदिस्त स्केटिंग रिंकमध्ये दिव्यांच्या पट्ट्या चालताना दिसतात. लूप रेकॉर्डिंग बंद, नाहीतर सुरुवातीचं चित्रण पुसलं जाईल. आपोआप बंद होण्याची सोयही काढा, स्क्रीन मात्र एक मिनिटाने बंद होऊ द्या. बीप चालू राहू दे. हेल्मेटवर कॅमेरा दिसत नाही, चालू झाला की नाही ते कानालाच कळणार.

माळव्याची काळी माती ओली झाली की लेन्सला डिंकासारखी बसते. ती सुकी पुसायची नाही, तिच्यातली बारीक वाळू काच ओरबाडते. आधी पाण्याची बाटली ओता, मग फडका. पारदर्शक पेटीत ठेवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स जुलैत आतून धुरकटते, आणि लोकांना वाटतं पेटी गळते. गळत नसते. दमट हवेत पेटी बंद केली, कॅमेरा तापला, बाहेरून पावसाने काच गार झाली की आतलीच वाफ काचेवर बसते. पेटी घरात कोरड्या जागी, पंख्याखाली बंद करा आणि कॅमेऱ्याखाली सिलिका जेलची पातळ पट्टी सरकवा, वाटेत उघडू नका. नवी पेटी वापरण्याआधी आत कोरडा टिश्यू पेपर घालून बादलीत १५ मिनिटं बुडवून बघा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत.

पाऊस नसेल तर सायकलला पेटीच लावू नका, उघडी चौकट लावा. पेटीत आवाज दबतो आणि उन्हाळ्यात कॅमेरा उकडतो. गोप्रो स्वतःच ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगते आणि इंदूरला मेमध्ये दुपारी ४० च्या वर असतं. थांबलेल्या कॅमेऱ्याला वारा मिळत नाही, म्हणून सिग्नलला आणि चहाला उभे राहाल तेव्हा बंद करा, तीन-चार मिनिटांचे तुकडे घ्या. वायफाय बंद ठेवलं तर तापही कमी आणि बॅटरीही टिकते. एसजे४००० च्या ९०० एमएएच बॅटरीवर तासाभराचं चित्रण धरा, जुनी झाली की पाऊण तास. ही बॅटरी त्याच्या बऱ्याच नकलांना बसते, त्यामुळे दुसरी सहज मिळते. महिनाभर कॅमेरा वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून बाहेर काढून ठेवा. गाडीच्या डिक्कीत उन्हात तर कधीच नाही, फुगण्याचं पहिलं कारण तेच.

वाऱ्याच्या आवाजावर कॅमेऱ्यातली कुठलीच सेटिंग पुरी पडत नाही. माइकच्या भोकावर फोमचा तुकडा लावला की सायकलला भागतं. मोटरसायकलवर बोलायचं असेल तर बाहेरचा माइक जोडता येणारा कॅमेरा निवडा आणि माइक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीत, तोंडापासून दोन बोटं बाजूला बसवा. अगदी तोंडासमोर बसवला तर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ ला धाडकन आवाज येतो. अशा कॅमेऱ्यांच्या माइकचे अडॅप्टर एकमेकांना बऱ्याचदा चालत नाहीत, म्हणून कॅमेरा दुकानात असतानाच माइक लावून, एक वाक्य बोलून ऐकून घ्या.